कानाला दिलेली उत्तरं

पांढरकवड्यात आणि आसपासच्या गावांत सुग्राबीच्या हातून बांगड्या भरल्या नाहीत अशी बाई शोधून काढावी लागेल. लग्न ठरलं की मांडववाल्याच्या पाठोपाठ निरोप जातो तो सुग्राबीला. करंजी, पाटणबोरी, रुंझा, मोहदा, जिथं ज्या दिवशी बाजार, तिथं ती सकाळच्या गाडीनं पेटारा घेऊन उतरणार, ठरलेल्या जागी पोतं अंथरणार आणि पायाची घडी घालून बसणार. तिचं माहेर मन्याराचं, पिढ्यांपासून बांगड्या विकणाऱ्यांचं. लग्न होऊन मोहिउद्दीनच्या घरी आली तेव्हा त्यांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, घरात बांगड्यांचा काही संबंध नव्हता. पण सुग्राबीला घरात बसून राहणं जमेना. सासूला विचारून तिनं माहेरचा धंदा सुरू केला, तो अजून सुरू आहे.

तिची भरायची एक पद्धत आहे. आधी बाईच्या तोंडाकडं बघायचं. मग हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा मऊ भाग हलकेच दाबत राहायचं आणि काहीतरी विचारायचं. सासू कशी आहे, पोरगा बोलायला लागला का, असलं काहीही. बाई बोलण्यात गुंतली की हात आपोआप सैल पडतो आणि काचेची बांगडी न फुटता वर चढते. पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या बाया, तांड्यावरच्या बाया, गावातल्या पाटलिणी, सगळ्यांनी तिच्यासमोर आपलं मन मोकळं केलेलं. घरी ती हिंदी बोलते, बाजारात वऱ्हाडी, आणि कोलामीत भावाची घासाघीस करण्यापुरतं तिला चांगलंच येतं.

तिला बीपी आहे हे पहिल्यांदा सांगितलं ते डॉ. सेवादास यांनी. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. डॉक्टर मूळचे तांड्यावरचे, बंजारा. तांड्यावरचं माणूस आलं की गोरबोली, बाकीच्यांशी वऱ्हाडी. सुग्राबी समोर बसली की ते तिचं मनगट धरत, डोळे मिटत आणि विचारत, "आज कोनता बाजार?" मशीन नंतर लावायचे. लिहीत फारसं काही नसत. कोणाला काय आहे, कोणाला कोणती गोळी सोसत नाही, कोणाच्या घरात काय चाललंय, ते सगळं त्यांच्या डोक्यात. मोहिउद्दीनच्या छातीत कळ आली त्या दुपारी डॉक्टर दवाखान्यातल्या चपलेनिशीच गॅरेजवर धावत आले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ते तेलकट फरशीवर मांडी घालून मोहिउद्दीनचं डोकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसले. त्या दिवसापासून सुग्राबी त्यांना साहेब म्हणत असली तरी मनात भाऊ मानत आली.

पुढं डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. मुलानं त्यांना नागपूरला नेलं आणि दवाखाना डॉ. उर्वशीकडं आला.

उर्वशी नेरकडची. वडील एसटीत मेकॅनिक, आई अंगणवाडीत. त्यांच्या गावातली पहिली डॉक्टर. तिनं दवाखान्याला रंग दिला, भिंतीवरचा सेवालाल महाराजांचा जुना फोटो होता तिथंच ठेवला आणि त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा लावला. टेबल नवीन आलं, टेबलावर कॉम्प्युटर आला. जुन्या पेशंटचं एक ओळीचंही टिपण तिला मिळालं नव्हतं, म्हणून प्रत्येकाला ती पहिल्यापासून विचारायची आणि टाइप करायची. सरकारचं आरोग्याचं कार्डही काढून द्यायची, म्हणजे इथलं लिहिलेलं दुसऱ्या दवाखान्यातही दिसेल. मन लावून करायची सगळं. दुपारचं जेवण राहून जायचं.

सुग्राबी पहिल्यांदा गेली तेव्हा उर्वशीनं "या आजी, बसा" म्हटलं आणि कॉम्प्युटरकडं वळली. वय काय, वजन किती, तंबाखू खाता का, झोप लागते का, गोळ्या रोज घेता का. कॉम्प्युटर भिंतीच्या बाजूला होता, त्यामुळे सुग्राबीला डॉक्टरणीचा एक कान, कानातली बारीक खड्याची कुडी आणि वेणी तेवढी दिसत होती. हाताला पट्टा लावून बीपी नर्सनं आधीच बाहेर बघितलं होतं. सुग्राबीनं सवयीनं हात टेबलावर ठेवला होता, तो थोडा वेळ तसाच राहिला, मग तिनं तो मांडीवर घेतला.

घरी आल्यावर सून कहकशांनं विचारलं, नवीन डॉक्टर कशी आहे. सुग्राबी म्हणाली, पोरगी चांगली आहे, पण मी आपली तिच्या कानाले जवाब देऊन आली.

आता, कानाला जवाब द्यायचे म्हटलं की ते आखूड होतात. झोप लागते? लागते. पाय सुजतात? नाही. गोळ्या घेता? घेतो. दर महिन्याला हेच. यातली गोळ्यांची गोष्ट खरी नव्हती. बीपीच्या औषधांत एक पाण्याची गोळी होती, जिच्यानं लघवीला वारंवार जावं लागतं. बाजारात बाईमाणसाला जायला जागा नाही. कुठं नाल्यापलीकडं, कुठं कोणाच्या घरी हात जोडून. पेटारा कोणाच्या भरवशावर सोडायचा, हा आणखी एक प्रश्न. म्हणून बाजाराच्या दिवशी सुग्राबी घोटभर पाण्यावर दिवस काढायची. सेवादास डॉक्टरांनी तिला ती गोळी बाजारातून परत आल्यावर घ्यायला सांगितली होती. उर्वशीनं मात्र ती आणि बीपीची दुसरी, दोन्ही औषधं एकातच असलेली गोळी दिली आणि सकाळी घ्या म्हणून सांगितलं. सुग्राबीनं ऐकून घेतलं. सकाळी बाजार असला की गोळी पाकिटातच राहायची, आणि बाजार तर जवळपास रोजच असायचा. तिचं बोलायचं राहून गेलं असं नाही. दोनदा ती ओठांपर्यंत आणून परत आली. लघवीची गोष्ट कोणाच्या कानाला कशी सांगायची?

कॉम्प्युटरमध्ये मात्र सगळं ठीकठाक दिसत होतं. गोळ्या नियमित, तक्रार नाही. फक्त बीपी खाली येत नव्हतं. उर्वशीनं डोस वाढवला. पुन्हा बघितलं, पुन्हा वरच. मग आणखी एक गोळी जोडली. शेवटी तिनं कहकशांला बोलावून घेतलं आणि समजावलं की एवढ्या औषधांवर बीपी असं राहायला नको, आजी विसरत असतील, तुम्ही स्वतः समोर उभं राहून देत जा.

कहकशां सांगितलेलं काम चोख करणारी. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी तळहातावर गोळ्या आणि दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास घेऊन उभी. सासूनं गिळल्याशिवाय हलायची नाही. सुग्राबीला सुनेशी वाद घालणं आवडत नसे, आणि खरं कारण सांगायचं तर डॉक्टरणीशी खोटं बोलल्याचंही सांगावं लागलं असतं. तिनं गोळ्या घेतल्या आणि करंजीच्या बाजाराला गेली.

एप्रिलचं ऊन होतं. लग्नसराईमुळे बायांची गर्दी होती. सुग्राबी नेहमीसारखी पाणी न पिता बसली, पण पोटात गेलेल्या गोळ्या आपलं काम करत होत्या. दोनदा उठून जावं लागलं. तोंड कोरडं पडलं, बसल्या जागी पोतं डुलल्यासारखं वाटायला लागलं. समोर पोडावरची एक नवी नवरी बसली होती, हिरव्या बांगड्या भरायला. सुग्राबीनं तिचा हात धरला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि तशीच तिच्या मांडीवर कलंडली. नवरीनं हात सोडवून घेतला नाही. बाकीच्या बायांनी सुग्राबीला लिंबाच्या सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, ऑटो बोलावला. नवरीच्या सासूनं पेटारा आवरून सोबत घेतला आणि ऑटोत सुग्राबीचं डोकं खांद्यावर घेऊन पांढरकवड्यापर्यंत आली.

उर्वशी दारातच होती. बीपी इतकं खाली गेलेलं पाहून तिला काही समजेना. तिनं सलाईन लावलं आणि बाकीच्या पेशंटना थांबायला सांगितलं. खाट आतल्या खोलीत होती, कॉम्प्युटर बाहेर. ती स्टूल ओढून खाटेला लागून बसली आणि सुग्राबीचं मनगट धरून राहिली. नाडी बारीक, घाईघाईत चालणारी. हळूहळू ती भरत आली. तोवर उर्वशी उठली नाही.

सुग्राबीनं डोळे उघडले तेव्हा तिला पहिल्यांदा डॉक्टरणीचं पूर्ण तोंड दिसलं. डाव्या भुवईवर लहानपणची खूण होती. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"पोरी," सुग्राबी म्हणाली, "तू जेवली नाई का?"

उर्वशीला हसू आलं आणि रडूही. तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "आजी, खरं सांगा, गोळ्या घेत होता का?"

मग सुग्राबीनं सांगितलं. बाजार, गोळी, सेवादास डॉक्टरांनी दिलेली संध्याकाळची वेळ, नाल्यापलीकडची जागा, सगळं. आवाज लहान ठेवून, पण न थांबता. उर्वशी ऐकत होती आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. जी गोळी पोटात जातच नव्हती तिचा डोस ती वाढवत गेली होती, आणि मग एका सकाळी सगळ्या मिळून एकदम पोटात गेल्या होत्या, वर तहानलेलं अंग आणि ऊन.

"मला का नाही सांगितलंत?"

"कोनाले सांगू? तू तिकडं पाहून राह्यली होती." मग तिला वाटलं, हे जरा कडू झालं. ती म्हणाली, "मी बी खोटं बोलली ना. दोष तुह्या एकटीचा नाई."

उर्वशीनं सलाईनची नळी सरळ केली. मग तिनं एक गोष्ट सांगितली, जी तिनं पांढरकवड्यात कोणालाच सांगितली नव्हती. शिकत असताना तिच्या ड्यूटीत एक म्हातारे गृहस्थ बेशुद्ध आणले होते. सोबत आलेल्या शेजाऱ्याला त्यांचं नावही धड माहीत नव्हतं. कोणतं औषध चालू, कशाचा त्रास, काही कळायला मार्ग नाही. ते वाचले नाहीत. कागदाचा एक तुकडा खिशात असता तर, हे तिच्या मनातून गेलं नाही. म्हणून ती सगळं लिहून घेते. एखादी गोष्ट सुटेल या धाकानं तिची मान तिकडंच वळलेली राहते.

सुग्राबीनं मोकळा हात उचलून तिच्या गालावरून फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुग्राबी तपासायला पुन्हा आली तेव्हा उर्वशीनं नागपूरला सेवादास डॉक्टरांना फोन लावला. मला एवढ्या दिवसांत जे कळलं नाही ते तुम्हाला कसं कळलं, असं तिनं मोकळेपणानं विचारलं. फोन टेबलावर होता, आवाज मोठा केलेला. डॉक्टर हसले. म्हणाले, अगं, मलाबी लगेच कुठं सांगितलं तिनं. कित्येक वर्षं तीही मला हो म्हणायची आणि मीही मान डोलवायचो. एकदा बाजाराच्या गाडीत शेजारी बसलो तेव्हा बोलली. उर्वशीच्या छातीवरचं ओझं जरा हलकं झालं.

मग डॉक्टर म्हणाले, सुग्राबी आहे का तिथं, दे तिला.

सुग्राबीनं पदर सावरला आणि फोनपुढं वाकली. सलाम केला. डॉक्टरांनी तब्येत विचारली, आज कोनता बाजार म्हणून विचारलं. तिचा चेहरा उजळला. आणि मग पलीकडून तोच प्रेमळ आवाज आला, "आन् मोहिउद्दीन कसा हाय? गॅरेज चालते ना बराबर?"

उर्वशीला सुग्राबीच्या नवऱ्याचं ठाऊक होतं. तिनं फोनकडं हात नेला. सुग्राबीनं तो हात अलगद बाजूला केला.

"चालते, साहेब," ती म्हणाली. "बराबर चालते. तुमची लय याद काढते तो."

डॉक्टर खूश झाले. त्याला सांग, एकदा येतो म्हणून, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

सुग्राबीनं फोन उर्वशीकडं सरकवला. ज्या माणसाच्या मांडीवर तिच्या नवऱ्यानं प्राण सोडला, त्याच्या डोक्यातून ती दुपार निघून गेली होती. आणि त्यासोबत आणखी किती जणांचं काय काय गेलं असेल. तिला त्यांचा राग आला नाही, त्यांची काळजी वाटली. तिकडं नागपुरात त्यांना ओळखणारं कोण असेल, त्यांना काय सोसत नाही हे कोणाला माहीत असेल?

तिनं डोळे पुसले आणि स्टूल उचलला. टेबलाला वळसा घालून तो उर्वशीच्या खुर्चीला लागून ठेवला आणि त्यावर बसली. आता दोघींच्या पुढं कॉम्प्युटर होता.

"लिव," ती म्हणाली. "मी सांगतो ते समदं लिव. आन् लिवलं की मले वाचून दाखव."

उर्वशीनं लिहिलं. बाजारात बांगड्या विकतात. बाजाराच्या दिवशी सकाळी पाण्याची गोळी घेऊ शकत नाही, बाजारात बायकांना जायला जागा नसते. दोन्ही औषधं आता वेगवेगळी, डोस पहिल्याइतकाच, पाण्याची गोळी संध्याकाळी घरी आल्यावर घेतील. पाणी कमी पितात. सुईची भीती वाटते, आधी सांगून, बोलत बोलत टोचावं. तिनं वाचून दाखवलं. सुग्राबीनं एक दुरुस्ती सुचवली. भीती वाटते असं नको, आवडत नाही असं लिव. उर्वशीनं तसं लिहिलं.

त्या आठवड्यात दवाखान्यातलं टेबल फिरलं. कॉम्प्युटर बाजूच्या भिंतीकडून पुढं आला, आडवा, म्हणजे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही दिसेल असा. उर्वशीनं स्वतःला एक नियम घालून घेतला: माणूस आला की आधी नाडी, आधी बोलणं, आणि मग टाइप, तेही वाचून दाखवत. रांग हळू सरकायला लागली. बाहेर बाकावर कुरबुर झाली. तांड्यावरचा बाबुलाल तर चांगलाच गडबडला. त्याची बायको शेजारी बसलेली आणि डॉक्टर वाचत होत्या, रोज दारू. तो म्हणाला, मॅडम, लिवा, पण तेवढं वाचू नका. बायको म्हणाली, वाचा, मोठ्यानं वाचा. उर्वशीनं त्यावरून धडा घेतला आणि पुढं प्रत्येकाला आधी विचारायला लागली, कोण बाहेर बसेल आणि काय लिहायचं. सगळंच काही सुधारलं नाही. दोघं-तिघं पेशंट वेळ लागतो म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडं गेले, ते परत आले नाहीत.

पावसाळा सरल्यावर सुग्राबीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगा इम्तियाज गॅरेज बंद ठेवून तिला आणि कहकशांला यवतमाळला घेऊन गेला. मोठं हॉस्पिटल, लांब रांगा, सगळे अनोळखी. सुग्राबी घाबरली नव्हती असं ती सांगते, पण कहकशां म्हणते, अम्मीनं माझा हात सोडला नाही. तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. त्यानं कार्डाचा नंबर टाकला, मोबाइलवर आलेला आकडा कहकशांनं वाचून दाखवला आणि त्याच्या पडद्यावर काहीतरी उघडलं. तो वाचत होता. वाचता वाचता त्याची मान वर आली.

"आजी, बांगड्या विकता का तुम्ही?" त्यानं विचारलं. "पाण्याची गोळी आज घेऊ नका, दिवसभर रांगेत बसायचंय. आणि सुई टोचायच्या आधी मी सांगेन, बरं का."

सुग्राबीनं कहकशांकडं पाहिलं. मग त्या पोराला म्हणाली, तुले उर्वशीनं फोन केलता काय? तो म्हणाला, नाही आजी, इथं लिहिलंय. कुठं, म्हणून ती उठून बघायला गेली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं बोटानं त्या ओळी चाचपल्यासारखं केलं, जशी ती काचेवर चरा आहे का ते बघते, आणि परत येऊन बसली. टोचलं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत, असं कहकशां सांगते.

डोळा बरा झाला. सुग्राबीनं दूरचे बाजार सोडले, पांढरकवड्याचा आणि करंजीचा धरून ठेवला. करंजीला ग्रामपंचायतीपुढं बायांना घेऊन ती दोनदा उभी राहिली, बाजारात बाईमाणसाच्या जागेसाठी. उर्वशीनं अर्ज लिहून दिला. अजून बांधकाम व्हायचंय. सरपंच समोर दिसले की सुग्राबी बाजारातच त्यांना हाक मारून विचारते, कधी?

महिन्याला ती दवाखान्यात जाते. उर्वशी आता तिला आजीऐवजी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. स्टूल पुढंच असतो, पण सुग्राबी तो ओढून शेजारी घेते, नर्सनं कितीही तोंड वाकडं केलं तरी. कधी डब्यातून शेवया आणते आणि रांग थांबवून डॉक्टरणीला खायला लावते. उर्वशीचं तरी काय, गर्दीच्या दिवशी तिची मान नकळत पडद्याकडं वळते आणि बोटं आपोआप चालायला लागतात. तेव्हा सुग्राबी मधेच बोलणं थांबवते. काही म्हणत नाही, रागावत नाही, नुसती बसून राहते. टाइप करण्याचा आवाज थोडा वेळ चालतो, मग अडखळतो, मग थांबतो. उर्वशी वळून बघते.

"हं खाला, बोला."

आणि सुग्राबी जिथं सोडलं होतं तिथून पुढं सांगायला लागते.